घरचीच

"पेशंटच्या तुम्ही कोण?" खिडकीपलीकडच्या मुलाने मान वर न करता विचारलं, आणि जान्हवीने खिडकीची कड धरली. प्रश्न साधा होता. तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने तो विचारला जाण्याआधीच "मुलगा" असं पुटपुटून तयारी केली होती. जान्हवीच्या कानात अजून वारा घुमत होता. ओरोसच्या कार्यालयातून मालवणपर्यंत ती एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली होती, आणि सबंध रस्ताभर तिच्या डोक्यात फक्त संचिता होती, तिची अडीच वर्षांची मुलगी. शेजारणीने फोनवर सांगितलं होतं, "यमुनाकाकी पडली गो, पोर बरा आसा," पण जान्हवीच्या मनाने ते वाक्य उलटंच ऐकलं होतं. इथे पोचल्यावर मुलगी शेजारणीच्या कडेवर बिस्किट चघळताना दिसली तेव्हा तिने आधी तिचे हातपाय चाचपले, आणि मग एकदम, जरा उशिरानेच, तिला आठवलं की आत कोणीतरी दुसरंच पडलेलं आहे. तो उशीर तिला स्वतःला जाणवला. खिडकीतल्या मुलाने पेन वर उचललं. "घरचीच आहे," जान्हवी म्हणाली. त्याने 'नातेवाईक' लिहिलं. "पडल्या कुठे?" "घरी." "काय करताना?" "मुलीला आंघोळ घालून आत आणत होत्या. मागच्या पायरीवर शेवाळ आहे." मुलाने तेवढं लिहून घेतलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी खिडकीपासून बाजूला होताना तिला वाटलं, आपण काहीतरी लपवून बाहेर पडलो, आणि ते आपल्याशिवाय कुणाला कळलेलं नाही.

घरी. कोणाच्या घरी? काकीचं घर दांड्यावर होतं, समुद्राच्या वाळूला लागून, जाळ्यांच्या ढिगाशेजारी दोन खोल्या. ती पडली ती जान्हवीच्या घरी, म्हणजे जिथे ती रोज सकाळी यायची आणि संध्याकाळी जान्हवीची बस आली की निघायची. त्याला दुसरा शब्द होता, पण तो त्या घराला लावून पाहिला की जान्हवीला विचित्र वाटायचं. कामाचं ठिकाण. ती स्वतः रोज कामाच्या ठिकाणी जात होती. लेखा विभागात बसून दुसऱ्यांच्या रजा मांडायची, वैद्यकीय बिलं तपासायची, गटविम्याची कपात बरोबर झाली का ते पाहायची. कोणी शिपाई जिन्यावरून घसरला तर कोणता अर्ज कोणाकडे जातो हे तिला पाठ होतं. घसरलेला माणूस कोण, हा प्रश्न तिथे कधी पडत नसे. तो आधीच कुठेतरी नोंदलेला असे.

काकीला आत जाऊन पाहिलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजवा हात फळीला बांधलेला, बोटं सुजून चकचकीत झालेली. अंगाला अजून बेबी साबणाचा वास होता. जान्हवीची चाहूल लागताच तिने मान वळवली. "चेडवाक लागला नाय मां गो?"

"नाय काकी. ती बरी आसा. बिस्किट खाता."

"मी तिका वर धरलंय. सोडूक नाय." मग ओठांना कोरड पडल्यासारखं तिने जीभ फिरवली आणि हळूच म्हणाली, "त्यांनी माका इचारल्यानी, घरमालकीण कोण तुजी? मी सांगलंय, माजी पुतणी. उगाच तुका पोलिसांचा लफडा नको." आणि ती चक्क हसली, दोघींनी मिळून शहाणपणा केल्यासारखी. जान्हवीने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलं होतं. म्हणजे दोन्हीकडून तेच सांगितलं गेलं होतं. एकमेकींना न विचारता.

काकी घरात आली तीही अशीच, न विचारता. जान्हवीची बाळंतपणाची रजा संपायला आली होती. कौस्तुभ, तिचा नवरा, गोव्यात औषधांच्या कारखान्यात, शनिवारी संध्याकाळी यायचा. सासू नव्हती, आई कुडाळपलीकडे गावात, गुरं आणि काजूची बाग टाकून येणं तिला शक्य नव्हतं. त्या दिवसांत जान्हवी मुलीला मांडीवर घेऊन नुसती दाराकडे बघत बसायची, जणू दारातूनच काही उपाय येईल. आणि आला. यमुनाकाकी दारावर मासे विकायची. टोपली उंबऱ्याबाहेर ठेवून तिने रडणाऱ्या मुलीकडे पाहिलं, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, वास घेऊन बघितले, परत धुतले, आणि मग म्हणाली, "आण हय." मुलगी तिच्या खांद्यावर गप्प झाली. काकीचा नवरा गेला होता, मुलगी बाबली पिंगुळीकडे दिलेली, गुडघे टोपलीचं ओझं घेत नव्हते. "उद्या सकाळपासना येतंय मी," ती म्हणाली. पगार ठरला तो दारातच, काकीने डोळे दुसरीकडे वळवले असताना. सुट्टीचं, आजारपणाचं, पुढे काय याचं कोणी काढलं नाही. काढलं असतं तर काहीतरी मोडलं असतं असं तेव्हा वाटलं होतं. मोडलं असतं ते काय, हे आता दवाखान्याच्या बाकावर बसून तिला नीट आठवेना.

पुढे ती कार्यालयात अभिमानाने सांगू लागली, आमच्याकडे बाई नाहीच, काकी आहे, घरचीच. डबा खाताना कोणीतरी म्हणालं होतं की घरेलू कामगारांसाठी मंडळ आहे, नोंदणी करून घे, काम करते असा मालकाचा दाखला लागतो फक्त. त्या संध्याकाळी जान्हवीने काकीजवळ विषय काढलाही. काकी मुलीची टाळू तेलाने चोळत होती. "माका कित्याक कागद? मी काय पळान जातंय?" असं म्हणून ती हसली. आणि जान्हवीला सुटल्यासारखं झालं होतं. ते सुटल्यासारखं वाटणं तिला आज स्वच्छ आठवलं, त्या तेलाच्या वासासकट.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. कुडाळला नेऊन ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घालावी लागली. सगळा खर्च कौस्तुभने केला, एकदाही कुरकूर न करता, आणि फोनवर शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "जानू, लागेल ते करू आपण. फक्त कुठे काही लिहून देऊ नकोस. प्रीतमला विचारल्याशिवाय नको." प्रीतम त्याचा चुलतभाऊ, कुडाळच्या कोर्टात वकील. तो रविवारी जेवायला आला. बांगड्याचं तिखलं खाता खाता, काटे ताटाच्या कडेला रचत, तो शांतपणे सांगत होता. तो वाईट माणूस नव्हता. मध्येच संचिताला भाताचा घास भरवत होता. "वहिनी, कराचा तर प्रश्नच नाही. तिचं उत्पन्न तेवढं नाही, तुम्ही काही कापायचं नव्हतं. पीएफ वगैरे कारखान्यांना, आस्थापनांना. एका घरातल्या एका बाईसाठी नाही. राहिली नुकसानभरपाई. घरात काम करणाऱ्याला तो कायदा लागू होतो की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. म्हणजे वर्षानुवर्षं बोलता येईल. पण बोलण्यासाठी आधी ती तुमच्याकडे नोकरीला होती हे ठरायला हवं. आज कागदावर काय आहे? नातेवाईक. तुम्ही सांगितलं, तिनेही सांगितलं." त्याने पाणी प्यायलं. "कायद्याबाहेर जाऊन तिच्यासाठी काय हवं ते करा. मी तर म्हणतो, कराच. पण मालक होऊ नका." मालक. जान्हवीने हा शब्द आजवर आंब्याच्या बागेच्या, होडीच्या, बारीक मिशांच्या माणसांसाठी ऐकला होता. ती ताटातल्या भाताकडे बघत राहिली. तिला भूक लागली होती, आणि भूक लागली आहे याची लाज वाटली.

बाबली आली ती एका दुपारी, जान्हवी रजेवर घरी असताना. काजूच्या कारखान्यातून थेट आलेली. तळव्यांवर चिकाचे काळे डाग. चहा नको म्हणाली, मग घेतला. संचिता तिच्याभोवती "काकी कुठाय, काकी कुठाय" करत फिरत होती. तिला बाबलीत काहीतरी ओळखीचं दिसत असावं, कपाळ किंवा बसण्याची ढब.

"वहिनी, मी भांडूक येवक नाय," बाबली म्हणाली. "दवाखान्याचा सगळा तुमी केलात, तां खरा. पण मूठ वळाची नाय असा डॉक्टर म्हणतत. उद्या ती काय करतली? आमच्या फॅक्टरीत कोणाचा बोट कापला तर सायब गाडी काढता, कागद करता. माजी आवस तुमच्या घरात पडली, तेचा काय?"

"मी करेन बाबली. जे लागेल ते."

"तुमी करशात. तुमची बदली झाली तर? तुमका काय झाला तर?" तिने हे अगदी हळू, जवळजवळ काळजीने विचारलं. "तुमी फक्त लिवन देवा. ती हय कामाक होती म्हणान. बाकीचा मी बगतंय."

ती गेल्यावर जान्हवी बराच वेळ मागच्या पायरीवर उभी राहिली. कौस्तुभने शेवाळ खरवडून तिथे चुना टाकला होता. पाऊस सरत आला होता, पण माडांवरून अजून पाणी गळत होतं आणि चुन्यावर हिरवट ओघळ उतरत होते. तिला वाटलं, काकीने हात टेकले असते, दोन्ही हात, जसं पडताना कोणीही टेकतं, तर फार काही झालं नसतं. खरचटलं असतं. मग मुलीचं डोकं... तिने विचार तिथेच सोडला. तो सुटत नव्हता. रोज संध्याकाळी मुलीचं डोकं छातीशी घेतलं की तिला त्या डोक्याचा आकार हाताला कळायचा, कलिंगडासारखा भरलेला, आणि तो आकार शाबूत आहे याचा कोणाला तरी हिशेब द्यायचा आहे असं वाटायचं. तो कुठे द्यायचा, त्या खिडकीचा पत्ता सापडत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात, मुलीला शेजारणीकडे ठेवून कामावर जाऊ लागल्यावर, ती जेवणाच्या सुट्टीत ओरोसलाच घरेलू कामगार मंडळाच्या कार्यालयात गेली. टेबलामागची बाई तिच्याच वयाची होती, आपुलकीने बोलली, खुर्ची दिली. नोंदणी होते ना, नक्की होते, दाखला आणा, आधार आणा. वय किती आहे? साठीपर्यंतच होते. जान्हवीने दवाखान्यासाठी काढलेला काकीच्या आधारचा फोटो फोनवर उघडला. एक जानेवारी. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नसते त्या सगळ्यांची असते ती तारीख. वर्षही कोणीतरी अंदाजाने टाकलेलं, काकीच्या पांढऱ्या केसांकडे बघून. त्या अंदाजाप्रमाणे यंदाच्या जानेवारीत काकी साठीपलीकडे गेली होती. "अरेरे," टेबलामागची बाई मनापासून म्हणाली, "गेल्या वर्षी आणायला हवं होतं तुम्ही." जान्हवी हसली. बाहेर आल्यावर तिला आपल्या चेहऱ्यावर ते हसू अजून आहे हे कळलं, आणि ते काढून टाकायला तिला तोंडावरून हात फिरवावा लागला.

तरीही तिने दाखला लिहिला. कौस्तुभला न सांगता, प्रीतमला न दाखवता, स्वच्छ अक्षरात: श्रीमती यमुनाबाई या माझ्या घरी माझ्या मुलीला सांभाळण्याचे काम पगारी करत होत्या आणि ते काम करत असताना त्यांना अपघात झाला. सही केली तेव्हा तिला हलकं वाटलं, ताप उतरल्यासारखं. त्याच हलकेपणात ती दांड्यावर गेली. काकी दारात बसली होती, प्लॅस्टरमधला हात मांडीवर, एखादं परकं मूल घेऊन बसावं तसा. आत बाबली भाकऱ्या भाजत होती. समुद्र शांत होता आणि वाळूवर सुकायला घातलेल्या मोरी माशाचा वास दाटला होता.

"काकी, मी तुम्हाला हे द्यायला आले," जान्हवी म्हणाली. "तुम्ही आमच्याकडे कामाला होता, हे मी लिहून दिलं आहे. पुढे तुम्हाला त्याचा उपयोग होईल. तो तुमचा हक्क आहे."

काकीने कागदाकडे पाहिलंच नाही. ती जान्हवीच्या तोंडाकडे बघत होती. "हापिसातल्यासारखा कित्या बोलतंस गो माज्यावांगडा? तुमी-तुमी काय करतंस?"

जान्हवीने कागद खाली घेतला. आपण घराबाहेर पडताना चपलांबरोबर भाषाही बदलून आलो हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "तसा नाय काकी. कागदाचा बोलताना..."

"काय लिवलंस माजा?"

"तू संचूक सांभाळायस म्हणान."

"पगारान?"

"पगारान."

वाळूतून एक कुत्रा चालत गेला, मोरीजवळ थांबला, आणि काकीने डाव्या हाताने त्याला हुसकावलं. मग म्हणाली, "हॉस्पिटलात मी सांगलंय, माजी पुतणी. आता ह्यो कागद घेवन मी खंय जांव? माका खोटी पाडतलंस?"

आतून बाबली आली, पिठाच्या हातांनी. "आये, घे गो तो कागद. त्या आपणहून देतत."

"तू गप रव." काकीचा आवाज पहिल्यांदाच चढला, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचा जुना आवाज. आणि लगेच खाली आला. "हात गेलो तो गेलो. आता त्या चेडवाची मी कोण, तां पण कागद सांगतलो?"

जान्हवी तिथेच वाळूत बसली. तिला सांगायचं होतं की दोन्ही खरं असू शकतं; तू तिची आहेस आणि तरी तुला हे मिळायला हवं. वाक्य तोंडात तयार होतं. पण आपणच खिडकीपाशी उभं राहून त्यातलं एकच निवडलं, तर आता दोन्ही कसं मागायचं? आणि काकीने जे निवडलं होतं ते जान्हवीला वाचवायला निवडलं होतं. तिने कागद बाबलीच्या हातात दिला. बाबलीने आईकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि चुलीवरच्या फळीवर, डब्याखाली ठेवला. तो पुढे कुठे गेला नाही. काकीने सही केली नसती, साक्ष दिली नसती, आणि बाबली आईच्या तोंडावर तिला खोटी ठरवायला धजली नसती.

प्लॅस्टर निघालं आणि दुसऱ्या सकाळी काकी दारात हजर. "बरी आसंय मी," ती म्हणाली, आणि संचिताने धावत येऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. काही दिवस सगळं पूर्वीसारखं दिसत राहिलं. काकी डाव्या हाताने भरवायची, डाव्या हाताने केस विंचरायची, उजवा पदराखाली. जान्हवी ओरोसला जाऊन टेबलाशी बसायची आणि दर थोड्या वेळाने फोनकडे बघायची. तिला माहीत होतं की हे चालणार नाही, आणि हेही माहीत होतं की ते ती बोलू शकणार नाही. मग एका शनिवारी, ती समोर असतानाच, काकीने सवयीने मुलीला दोन्ही हातांनी उचललं. बोटं वळली नाहीत. मुलगी कुशीतून निसटत खाली आली, काकीने गुडघा पुढे करून तिला अडवलं, जान्हवीने धाव घेऊन धरलं. काहीच झालं नाही. संचिताला तो खेळ वाटला. "परत, परत," ती म्हणाली. काकी भिंतीला टेकून उभी होती. 

"माज्यान आता जावचा नाय गो," ती म्हणाली.

"काकी, तू नुसती बस. कामाक मी दुसरी बघतंय. तू हय रव फक्त."

"बसान काय करू?" तिने असं विचारलं की जान्हवीला खरंच शोधावं लागलं, काय करील ती. दिवाळीनंतर बाबली येऊन तिला पिंगुळीला घेऊन गेली. रिक्षात बसताना काकीने मुलीचा पापा घेतला नाही, रडेल म्हणाली. जान्हवी दर महिन्याला पैसे पाठवते. बाबली ते घेते आणि "मिळाले" एवढं कळवते. फोनवर काकी विचारते, जेवता मां, वाढता मां, आणि फोन ठेवते.

आता सावित्री येते. कट्टा गावची, तिशीची, बारावी झालेली. यावेळी जान्हवीने सगळं आधी केलं. कामाच्या वेळा, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, सोडायचं झालं तर किती आधी सांगायचं, अपघात विमा, मंडळाची नोंदणी. दोघींच्या सह्या. सावित्रीने कागद शेवटपर्यंत वाचला, "सणाच्या सुट्ट्या यातच का, मॅडम?" असं विचारलं, आणि जान्हवीने ते वेगळं लिहिलं. प्रीतम म्हणाला, आता कसं, चोख. खरंच चोख आहे. सावित्री वेळेवर येते, वेळेवर जाते, मुलीशी प्रेमाने वागते, तिला गाणी शिकवते. संचिता पहिले काही आठवडे दाराकडे बघत राहिली, नंतर बघायची थांबली. जान्हवीला त्याचं बरं वाटायला हवं होतं.

काल रविवार. कौस्तुभ झोपला होता म्हणून ती मुलीला घेऊन मासळी बाजारात गेली. सुरमई महाग होती, तिने सौंदाळे घेतले. पिशवी बांधून होते तोच संचिताने हात सोडवून घेतला आणि "सावू! सावू!" करत गर्दीत धावली. पलीकडे काचेच्या बांगड्यांच्या गाडीपाशी सावित्री उभी होती, नवा ड्रेस घालून, शेजारी तिची सात-आठ वर्षांची मुलगी. जान्हवीने तिला कधी पाहिलं नव्हतं. ती आहे, एवढंच ठाऊक होतं. संचिताने सावित्रीच्या पायांना विळखा घातला आणि हात वर केले. सावित्री वाकली. हात अर्ध्यापर्यंत आले. तिच्या मुलीने आईचा दुपट्टा धरला, ओढला नाही, फक्त धरला. सावित्री तशीच थांबली आणि हळूहळू सरळ झाली.

"मॅडम, आज सुट्टी आहे माझी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट ती ओशाळली होती. "हिला कबूल केलंय मी. आजचा दिवस हिचा."

"हो, हो. बरोबर आहे," जान्हवी म्हणाली. "जा तुम्ही."

"उद्या येते हां, संचू."

संचिता सोडत नव्हती. जान्हवीला खाली बसून, माशांच्या ओल्या पिशवीसकट, तिची मूठ उघडावी लागली. एक बोट सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. मुलगी किंचाळली तेव्हा शेजारच्या कोळणी वळून बघू लागल्या. एकीने कोयता हातात धरूनच विचारलं, "कित्या रडता गो पोर?" जान्हवीने मान हलवली. सावित्री मुलीचा हात धरून जेटीकडे निघाली होती, झपाझप, मागे न बघता. तिची मुलगी मात्र वळून वळून बघत होती, या रडणाऱ्या छोट्या मुलीकडे आणि तिला धरून जमिनीवर बसलेल्या बाईकडे. जान्हवीने उठायचा प्रयत्न केला. संचिता कमान करून मागे झुकली होती, सगळा भार जान्हवीच्या एका हातावर आला होता, पिशवीतून पाणी ठिबकत होतं. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.